पेटीविना पाच गळे

माझं नाव सुलोचना. पण हुबळी-धारवाडात मला या नावानं हाक मारणारी आता एकच व्यक्ती उरली आहे, ती म्हणजे माझी थोरली बहीण, आणि तीही रागावली असेल तरच. बाकी सगळ्यांना मी पेटीवाल्या अक्का. लग्न, बारसं, शाळेचं संमेलन, गणपतीतली भक्तिगीतं, गल्लीतली भजनी मंडळं, जिथं कुणाला गायची हौस आली तिथं मी पेटी घेऊन हजर. हात दुखायला लागल्यावर मोठे कार्यक्रम सोडले, पण पेटी सोडली नाही.

पेटीची साथ करणं म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं की गाणाऱ्याबरोबर तेच वाजवायचं, त्यात काय मोठं. गाणारा पुढे असतो आणि आपण अर्धा श्वास मागे. तो जिथं जाईल तिथं आपण जायचं, पण ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण आधीपासून तिथंच बसून होतो. त्याचा सूर घसरायला लागला की खरा सूर जरा आधी आणि जरा जोरात दाबायचा. तो ऐकतो, सावरतो आणि वाहवा घेतो. शब्द विसरला तर त्याला आठवेपर्यंत मधला तुकडा वाजवत राहायचं. एका लग्नात नवरदेवाच्या आत्याबाईंना दुसरं कडवं काही केल्या आठवेना. मी मधला तुकडा इतका वेळ वाजवला की पहिली पंगत बसली. कार्यक्रम संपल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "बाकी छान झालं, पण पेटीनं फार मध्ये मध्ये केलं बघा." मी मान डोलावली. या धंद्यात मान डोलावता आली की अर्धं काम झालं.

तर सांगायची गोष्ट आहे ती नवनगरला गायला जमणाऱ्या पाच जणांची.

मंगलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. नवनगरात त्यांच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी गाणं चाले, आणि मी वर्षानुवर्षं तिथं पेटीवर असे. मंगलाबाईंचा आवाज ठीक होता, पण गाता गाता शेजारच्याचे उच्चार दुरुस्त करायची त्यांना सवय होती. त्यामुळे त्यांची स्वतःची ओळ अर्धीच राहायची. दुसरे देसाई वकील. आवाज भरदार, कोर्टात माईक लागत नाही असा. वकील प्रत्येक ओळ सगळ्यांच्या आधी संपवत, कारण शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे हा त्यांचा स्वभाव. तिसरा बसवराज. धारवाडजवळच्या बेलूरमध्ये एका कारखान्यात सुपरवायझर. गळा गोड, आणि ते त्याला माहीत होतं, हीच अडचण. जिथं सरळ जायचं तिथं तो तान घेऊन यायचा.

आणि उरलेल्या दोघी जावा, रेखा आणि सुनंदा. उणकलला एका घरात वरखाली राहायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं माणूस लग्नालाही जात नाही. अशाच एका पाण्याच्या दिवशी खालच्या रेखानं वरच्या सुनंदाला उठवलं नाही, की उठवलं आणि सुनंदा उठली नाही, यावर दोन मतं होती. वरची टाकी कोरडी राहिली आणि बोलणं थांबलं. गाण्याला मात्र दोघी यायच्या, शेजारी शेजारी बसायच्या आणि माझ्यामार्फत बोलायच्या.

"अक्का, तिला सांगा, तिथं श्वास घ्यायचा नसतो."

"अक्का, त्यांना सांगा, माझा श्वास मी घेते, त्यांचा त्या घ्याव्या."

आणि सगळं मिळून बरं वाजायचं. का, ते वर सांगितलंच आहे. पेटी होती ना.

एका शुक्रवारी मंगलाबाईंनी जाहीर केलं की धारवाडला एका शाळेच्या सभागृहात समूहगायनाची कार्यशाळा आहे आणि आपण नाव दिलंय. पुण्याहून ऋतुजा नावाच्या कुणी बाई शिकवायला येणार. प्रत्येक गटानं एक गीत बसवून आणायचं, सकाळी त्या ऐकणार आणि घासूनपुसून देणार. ज्यांचं जमेल ते संध्याकाळी लोकांसमोर गाणार, ज्यांचं नाही जमणार ते खाली बसून ऐकणार. मंगलाबाईंनी नाव देतानाच संध्याकाळसाठी अर्ध्या नवनगरला बोलावून ठेवलं होतं. त्यांच्या जुन्या शाळेतल्या शिक्षिका तर गाडी करून येणार होत्या. आणि गीत मंगलाबाईंचं स्वतःचं, उणकलच्या तळ्यावरचं. चाल मी लावली होती, साधी, भूपाच्या अंगाची. धारवाडात जन्मलेल्या वकिलांनी हुबळीच्या तळ्याचं कौतुक गायला आधी नकार दिला होता. मग दुसऱ्या कडव्यात धारवाडच्या टेकड्या घालून तडजोड झाली.

"पण एक अट आहे," मंगलाबाई फोन डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या. "वाद्य कुठलंच नाही. फक्त तंबोरा, तोही फोनवरचा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीचा भाता मिटला आणि म्हटलं, "गाऊन बघा की मग."

त्यांनी गाऊन बघितलं. मला शेजाऱ्यांसाठी वाईट वाटलं. पहिल्या ओळीला पाचही जण कुणीतरी सुरू करेल म्हणून थांबले. मग वकिलांनी सुरू केलं आणि ओळ संपवूनही टाकली. बसवराज त्यांच्या मागे तान घेत निघाला तो परत आला तेव्हा बाकीचे पुढच्या कडव्यात होते. मंगलाबाई गायच्या सोडून "तरंगिणी, तरंगिणी, णी" असं सांगत राहिल्या. जावा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला तोंड करून गात होत्या आणि सूरही त्याच हिशेबानं दूर दूर जात होते. शेवटी सगळे जिथं पोचले ती पट्टी माझ्या पेटीवर नव्हती.

"जरा सराव लागेल," वकील म्हणाले.

सराव करायचा कधी? कार्यशाळेला पंधरवडाही उरला नव्हता. वकिलांचं कोर्ट, बसवराजची पाळी, रेखाची धारवाडच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी, सुनंदाची धारवाडलाच एका पतसंस्थेत. रविवारी वकील जेवून झोपतात आणि ती झोप वरच्या कोर्टातही बदलत नाही. उरलेल्या वेळात पाणी.

मग लक्षात आलं की सकाळी चौघेही त्याच बसनं धारवाडच्या बाजूला जातात. वकील हुबळीला चढतात, जावा उणकलला चढून वेगवेगळ्या बाकांवर बसतात, बसवराज नवनगरला चढतो आणि धारवाडहून पुढे बेलूरला जातो. मंगलाबाईंना धारवाडला काही काम नव्हतं, पण त्यांनी रोज जायचं ठरवलं. मी हुबळीतून वकिलांबरोबर चढून मागची जागा धरायची. नवनगर ते धारवाड, तेवढाच आमचा रियाज.

पहिल्या दिवशी वकिलांनी पहिला सूर लावला आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला. कंडक्टर मागे आला. "साहेब, मेल्लग हाडरी, मेल्लग," म्हणाला, म्हणजे हळू गा. तेव्हापासून आम्ही पुटपुटल्यासारखं गायला लागलो. शेजारच्या बाकावर भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा बराच वेळ ऐकत होते. त्यांनी कंडक्टरला हळूच विचारलं, "यारु तीरकोंडारी?" म्हणजे कोण वारलं. मंगलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी दुसऱ्या दिवशीही तिकीट काढलं.

हळू गाण्याचा एक फायदा झाला. स्वतःचा आवाज कमी झाल्यावर दुसऱ्याचा कानावर यायला लागला. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. खोड कुठं आहे ते मला दिसत होतं. हे पाचही जण इतकी वर्षं पेटीला टेकून गात होते. टेकू काढला तर प्रत्येक जण दुसऱ्याला टेकायला बघत होता, आणि तो दुसरा तिसऱ्याला. एकदोन महिने मिळाले असते तर शिकवलं असतं. वेळ नव्हता. म्हणून मी थापा मारल्या.

वकिलांना हुबळीच्या थांब्यावरच गाठलं. म्हटलं, "साहेब, कुणाला बोलू नका, बाकीच्यांना वाईट वाटेल. हा गट उभा आहे तो तुमच्यावर. तुम्ही पाया आहात. पण पाया जमिनीखाली असतो. वर दिसला की इमारत गेली."

वकील गंभीर झाले. "म्हणजे हळू?"

"हळू आणि शेवटपर्यंत. इतरांची ओळ संपली की मग तुमची."

बसवराजला म्हटलं, "तुझ्या गळ्यावर बाकीचे सूर धरतात रे. तू हललास की सगळे हलले. खांबानं तान घ्यायची नसते." तो चार दिवस खांबासारखा गायला. मंगलाबाईंना म्हटलं, "सगळे तुमच्या तोंडाकडे बघून गातात. तुम्ही थांबून दुसऱ्याला सांगायला गेलात की बिचारे उघडे पडतात." त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."

राहिल्या जावा. रेखाला सांगितलं, "सुनंदाचा दम कमी पडतोय. तिला कळू न देता तिच्या बाजूला उभी राहा आणि तिचा सूर धरून ठेव. तूच सांभाळशील." दुसऱ्या दिवशी सुनंदाला नेमकं हेच रेखाबद्दल सांगितलं. दोघींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी आजवर कुठल्या देवळात पाहिलं नाही. वैऱ्याची दया करायची संधी रोज कुठं मिळते.

आणि जमायला लागलं. प्रत्येक जण बाकीच्या चौघांची काळजी करत गात होता, त्यामुळे सगळे एकमेकांना ऐकत होते. बसमध्ये थांब्यांची नावं सांगणारी रेकॉर्डवरची बाई "मुंदिन निल्दाण", म्हणजे पुढचा थांबा, असं म्हणत दुसऱ्या कडव्यात रोज घुसायची, तरी कुणी सूर सोडेना. शेवटच्या दिवशी कंडक्टर म्हणाला, "स्वल्प ज्यास्ती हाडरी," जरा मोठ्यानं गा, पुढच्यांना ऐकू येत नाही.

कार्यशाळेला आठ-दहा गट होते. अळणावरकडच्या कॉलेजच्या मुलींचा एक गट तर असा गायला की आमच्या पाचांनी एकमेकांकडे बघणंच टाळलं. ऋतुजा मॅडम वयानं लहान होत्या, तिशीच्या आतबाहेर. कॉटनची साडी, पायात सपाट चपला, आवाज हळू, आणि ओठावर हसू असतानाच चूक पकडायच्या. मी शेवटच्या रांगेत बसले होते. मांडीवर पेटी नव्हती, म्हणून पर्स धरली होती.

आमचा नंबर आला. पाचही जण नीट गायले. मॅडमनी मान हलवली. "छान मिसळलेत आवाज. आता एक गंमत करू. प्रत्येक गटात एक आधाराचा आवाज असतो, ज्याच्यावर बाकीचे टेकलेले असतात. बहुतेक वेळा त्या माणसाला ते माहीत असतं. तो आवाज बाजूला काढला की गटाची खरी तयारी कळते. तुमच्यात जो आधार आहे, त्यानं खाली येऊन बसायचं. बाकीच्यांनी गायचं."

माझ्या हातातली पर्स घसरली.

सगळे विनयानं जमिनीकडे बघत होते. मग वकिलांनी घसा साफ केला, "नाइलाज आहे," असं म्हणून पायऱ्या उतरले. मंगलाबाई त्यांच्याकडे आश्चर्यानं बघत राहिल्या आणि "अहो, तुम्ही कुठं?" म्हणत स्वतःही उतरल्या. बसवराज अंग चोरत निघाला. राहिल्या रेखा आणि सुनंदा. दोघींनी एकाच वेळी पाऊल उचललं आणि पायरीवर एकमेकींना धडकल्या.

मंचावर कुणी उरलं नाही. फोनवरचा तंबोरा तेवढा वाजत होता.

मॅडमनी विचारलं, "मग गाणार कोण?"

सभागृह हसायला लागलं. अळणावरच्या मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. आमचे पाच जण खाली घोळक्यानं उभे. रेखानं सुनंदाकडे पाहिलं आणि किती तरी महिन्यांनी तिच्याशी थेट बोलली.

"तू का उतरलीस?"

"तुमचा दम कमी पडतोय म्हणून मी सांभाळत होते ना, वैनी."

"माझा दम? मी तुला सांभाळत होते."

"कुणी सांगितलं?"

दोघी वळल्या. मग बाकीचे तिघे वळले. मी शेवटच्या रांगेत होते, पण शेवटच्या रांगेच्या मागे भिंत असते.

वकिलांनी उलटतपासणी तिथंच सुरू केली. "अक्का, मला तुम्ही पाया म्हणाला होता की नाही?"

"म्हणाले होते."

"आणि यांना?"

"खांब."

"आणि बाईंना?"

"त्यांना काही नाव ठेवलं नव्हतं, साहेब. त्यांना आधीच वाटत होतं."

मंगलाबाईंचा चेहरा लाल झाला. "अक्का, मी माझ्या शाळेतल्या बायकांना बोलावलंय संध्याकाळी. हे असं हसं करून घ्यायला?" त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच ते मला लागलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवी आवरायला लागल्या. रेखा म्हणाली, "जाऊ या आपण, सुनंदा." सुनंदा म्हणाली, "चला." दोघींची एवढी एकी मी कधी पाहिली नव्हती, आणि ती माझ्याविरुद्ध होती.

मॅडम खाली आल्या. त्यांनी कुणाची समजूत काढली नाही. फक्त म्हणाल्या, "जायचं तर जा. पण एकदा वर येऊन गाऊन जा. आता आधार कुणीच नाही असं समजून."

वकील म्हणाले, "रेकॉर्डवर यायला पाहिजे," आणि वर गेले. मग बाकीचे गेले. ते गायला लागले आणि मी इतकी वर्षं जे ऐकलं नव्हतं ते ऐकलं. प्रत्येकाचा कान शेजारच्याच्या तोंडाला लागला होता, कारण आता प्रत्येकाला बघायचं होतं की कच्चं नक्की कोण आहे. कुणी पुढे पळेना, कुणी मागे राहीना. दुसऱ्या कडव्यात वकिलांना खोकला आला आणि त्यांचा आवाज पूर्ण थांबला. गाणं थांबलं नाही. बसवराजनं खालचा सूर उचलला, साधा, सरळ, आणि वकील परत येईपर्यंत धरून ठेवला. मग त्यांना देऊन टाकला.

"संध्याकाळी गाताय तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

दुपारी जेवताना त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. वकिलांनी त्यांना माझी सगळी हकिकत सांगितली होती. पानात भाकरी, शेंगाचटणी, एण्णगाई, म्हणजे भरलं वांगं. त्यांनी विचारलं, "किती वर्षं पेटी वाजवताय त्यांच्यासाठी?"

"बरीच झाली."

"म्हणजे तेवढी वर्षं त्यांनी एकमेकांना ऐकलंच नसेल. सगळे तुम्हालाच ऐकत होते."

त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं असावं. मी मान डोलावली. ज्या कसबाची मला आयुष्यभर ऐट होती, दुसऱ्याची चूक लोकांपर्यंत पोचू द्यायची नाही, तेच कसब चूक करणाऱ्यापर्यंतही ती पोचू देत नव्हतं, हे मला एका तिशीतल्या मुलीनं चटणी वाढून घेता घेता सांगितलं. मला तिचा राग आला. थोड्या वेळानं गेला. पण ते वाक्य राहिलं.

संध्याकाळी ते गायले. अळणावरच्या मुलींपेक्षा बरे नाही गायले, पण पाच माणसं गात आहेत हे कळत होतं, आणि ती एकमेकांची आहेत हेही. मंगलाबाईंच्या शिक्षिकांनी पदरानं डोळे पुसले. त्यातली एक मला म्हणाली, "पेटी नव्हती तरी किती छान झालं, नाही?" मी मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये पाचही जण मागे बसले आणि मी पुढे. माझ्याशी कुणी बोललं नाही. माझ्याबद्दल मात्र धारवाड ते नवनगर बोलत होते, आणि उणकलला उतरताना सुनंदानं रेखाची पिशवी घेतली.

पुढच्या आठवड्यात मंगलाबाईंचा फोन आला. "अक्का, शुक्रवारी या. पेटी आणू नका."

दोन मिनिटं मला वाटलं, जाऊ नये. मग गेले. पेटीवालीला पेटी नसताना बसायचं कसं ते कळत नाही, हात कुठं ठेवायचे हा प्रश्न पडतो. मंगलाबाईंनी हातात मटारची परात दिली. मी सोलत बसले आणि ऐकत बसले.

सराव काही फार होत नव्हता. पूर्वी जावा बोलत नसत, म्हणून गाणं तरी व्हायचं. आता थेट बोलायची सोय झाल्यामुळे दर ओळीला थांबून टाकी, नळ, मोटर, आणि सूर कुणाचा उतरला, यावर चर्चा. वकील दोन्ही बाजू ऐकून घेत होते. बसवराज घड्याळ बघत होता, त्याची पाळी होती.

"मी सूर सोडला नाही," रेखा म्हणाली.

"मग मी सोडला का, वैनी?"

"अक्कांना विचार."

सगळे माझ्याकडे वळले. मी एक शेंग सोलली. त्या खोलीत पहिल्यांदाच माझ्यासमोर पेटी नव्हती आणि झाकायला काही नव्हतं. म्हटलं, आता खरं सांगून बघू.

"दोघींचा उतरला," मी म्हणाले. "आणि वकीलसाहेब, तुमचा चढला."

खरं बोलायची सवय नसल्यामुळे त्यानं काय होतं याचा मला अंदाज नव्हता. रेखानं सुनंदाकडे पाहिलं, सुनंदानं रेखाकडे, आणि मग दोघींनी मिळून माझ्याकडे.

त्या दिवशी चहा मला सगळ्यात शेवटी मिळाला, आणि बिनसाखरेचा. पण त्यानंतर ती ओळ त्यांनी परत गायली, आणि वकिलांचा शेवटचा शब्द बाकीच्यांबरोबर संपला.